मानमोडीची आठवण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मला आजीची एक हकीकत आठवली. १९१८ साली आजी तेरा वर्षांची होती व मुंबईस गिरणगावातील एका चाळीत राहत होती. त्या वर्षीच्या तापाला लोक ‘मानमोडी’ म्हणत. आजी सांगे, “प्रथम सगळ्यांना वाटले, पावसाळ्यातले पडसेच आहे.”

तसे वाटण्यास कारणही होते. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावरील काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले व साथ शहरभर पसरली. ही पहिली लाट पुढच्या मानाने सौम्य होती. पण सप्टेंबरात साथ उग्र होऊन परतली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्या साली पाऊसही कमी झाला होता, धान्य महाग होते. साऱ्या हिंदुस्थानात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत बळी गेल्याचे अंदाज आहेत. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली!

भगिनींनो, यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक गेल्या. घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच माथी होती. माझी पणजीही शेजारणीला पेज भरवता भरवता स्वतः अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही.

मग पडसे आणि अशी साथ यांत फरक कोणता? पडसे आणणारे विषाणू शंभराहून अधिक प्रकारचे आहेत; पण त्यांची व आपल्या शरीराची जुनी ओळख असते. ते बहुधा नाकाघशातच राहतात आणि आठवड्याभरात जातात. नव्या विषाणूला मात्र कोणाचेच शरीर ओळखत नाही. म्हणून एकाच वेळी घरेच्या घरे आजारी पडतात आणि दुखणे फुफ्फुसात उतरण्याचा धोका वाढतो. कोरोनाच्या कुळातील चार विषाणू कित्येक वर्षे आपल्याला साधे पडसेच देत आले आहेत. त्याच कुळातल्या नव्याने २०२० मध्ये जग बंद पाडले. पहिल्या दोन दिवसांत मात्र शिंक सारखीच, खोकलाही सारखाच. नुसत्या नजरेने ओळख पटत नाही.

माझीच चूक सांगते. ८ मार्च २०२० रोजी महिला दिनाच्या कार्यक्रमाला मी पडसे घेऊन आले आणि “साधेच आहे हो,” म्हणून सर्वांत मिसळले. दुसऱ्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले. माझे पडसे साधेच निघाले. पण ते नशीब, शहाणपण नव्हे.

१९१८ मध्ये डॉक्टरांनाही या रोगाचा विषाणू ठाऊक नव्हता. माणसातील फ्ल्यूचा विषाणू १९३३ साली सापडला. आज तपासणी आहे, लस आहे. तरी पहिली तयारी घरातूनच व्हावयास हवी. पडसे असेल तर घरी राहावे, निघावेच लागले तर तोंडावर मुखपट्टी बांधावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी.

आणि मंडळाला माझी एक विनंती आहे. एकट्या राहणाऱ्या भगिनींची यादी आजच करावी आणि शुश्रूषेच्या पाळ्या ठरवून ठेवाव्यात. माझ्या पणजीला पाळी बदलणारे कोणी नव्हते.