बावन्न गुंठ्यांचा ठिपका

मागच्या व्याख्यानात आपण इन्सॅटपाशी थांबलो होतो. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, 36,000 किलोमीटरवरून ढग दिसतात, मग माझं शेत का दिसत नाही? आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवतीच आहे.

भारतात या विषयाची सुरुवात उपग्रहानं झालीच नाही. 1970 च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकारानं केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले गेले. रोगट झाडं निरोगी झाडांपेक्षा वेगळी उठून दिसली. पण हेलिकॉप्टरनं अख्खा देश किती दिवसांत बघणार? 1972 मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट वर गेला आणि ती अडचण सुटल्यासारखी वाटली. त्याचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, साधारण 80 मीटरचा. आपल्या भाषेत दीड एकराहून थोडा जास्त. मैलोन्‌मैल एकच गहू असेल तिथे हे चालून जातं. आपल्याकडे त्याच ठिपक्यात अर्धी ज्वारी, थोडा ऊस, मधला बांध आणि बांधावरची बाभळ, सगळं एकत्र कालवलं जातं.

1979 चा भास्कर हा आपला पहिला प्रयत्न. त्याच्या टीव्ही कॅमेऱ्यांचा ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे शेताचं नावच नको! पण त्यातून माणसं शिकली, आणि 17 मार्च 1988 ला बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटनं आयआरएस-1ए 904 किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला.

आता ही कक्षा नीट समजून घेऊ. उपग्रह ध्रुवांजवळून जातो, 103 मिनिटांत एक फेरी, दिवसाला साधारण चौदा. खाली पृथ्वी फिरतच असते, त्यामुळे दर फेरीला नवा पट्टा समोर येतो. गंमत पुढे आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी जराशी फुगीर आहे, त्या फुगवट्याच्या ओढीनं कक्षेचं प्रतल हळूहळू वळतं. कक्षेचा कल बरोबर निवडला, तर ते रोज साधारण एक अंश वळतं, सूर्याभोवती पृथ्वी सरकते तितकंच. म्हणून उपग्रह प्रत्येक ठिकाणी सकाळी त्याच वेळेला, साडेदहाच्या आसपास येतो. सावल्या सारख्या वेळच्या, तेव्हा दोन चित्रांची तुलना करता येते. इंधन न जाळता मिळालेली सोय आहे ही.

पण कॅमेऱ्याच्या पट्टीत प्रकाशग्राही घटक होते 2048. लिस-1 मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला 72.5 मीटर, म्हणून पट्टा 148 किलोमीटर रुंद आणि ठिपका 52 गुंठ्यांचा. लिस-2 नं ठिपका 36.25 मीटरवर, म्हणजे 13 गुंठ्यांवर आणला. पण मग पट्टा निम्मा झाला, आणि रुंदी भरून काढायला दोन कॅमेरे शेजारी लावावे लागले. बारीक बघायचं तर अरुंद बघा, हा हिशेब कुणालाच चुकलेला नाही.

तेच ठिकाण पुन्हा यायला 22 दिवस. रब्बीला ठीक. खरिपात त्या दिवशी नेमके ढग असले, की गेले आणखी 22 दिवस. 1991 मध्ये आयआरएस-1बी जोडीला आला, अंतर 11 दिवसांवर आलं. ढग मात्र तसेच.

डिसेंबर 1995 चा आयआरएस-1सी मला यातला सर्वांत शहाणा उपग्रह वाटतो. त्याचा पॅन कॅमेरा 5.8 मीटरचा, ठिपका गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. चित्र कृष्णधवल आणि पट्टा फक्त 70 किलोमीटर. त्याच उपग्रहावर विफ्स कॅमेरा, ठिपका 188 मीटर, साडेआठ एकरांहून मोठा, पण 810 किलोमीटरचा पट्टा दर पाच दिवसांनी. लोक पॅनच्या चित्रांवर खूश झाले. दुष्काळात हिरवळ कशी ओसरतेय हे बघायला मात्र जाडाभरडा विफ्सच उपयोगी.

आणि ढगांचं काय? त्यासाठी प्रकाशाचा नादच सोडावा लागला. 2012 मध्ये रिसॅट-1 स्वतःच्या रडार लहरी घेऊन वर गेला. त्याला ऊन लागत नव्हतं, म्हणून त्याची वेळही वेगळी होती: पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा. भाताच्या खाचरातलं साचलेलं पाणी रडारमध्ये काळं का दिसतं, ते पुढच्या व्याख्यानात चित्रं लावून बघू.