शिकार सफर (महाराष्ट्र व मध्य भारत)

शिकार सफर हा पैसे घेऊन पाहुण्याला जंगलात नेऊन शिकार घडवण्याचा व्यवसाय आहे. परवाना, तंबू, स्वयंपाकी, गाड्या, माग काढणारी माणसे आणि जनावराला हाकून बंदुकीसमोर आणणारे हाकारे यांची जमवाजमव कंपनी करते. पाहुण्याने रायफल घेऊन यायचे, दाखवतील तिथे बसायचे आणि वेळ आली की बार काढायचा. जगभर हा धंदा पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या नावाने ओळखला जातो. मात्र स्वातंत्र्यानंतर १९७० पर्यंतच्या दोन दशकांत तो मध्य भारतातही रीतसर चालत होता आणि नागपूर हे त्याचे एक महत्त्वाचे ठाणे होते. तिथे सावज होते वाघ, बिबट्या, गवा, सांबर आणि अस्वल.

या धंद्याच्या आधीपासून दरबारी शिकार चालत आली होती. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता, आणि संस्थानचा चित्तेखाना देशभर प्रसिद्ध होता. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढून त्याला सोडायचे, अशी ही शिकार होती. चित्ता थोड्याच अंतरापर्यंत वेगाने धावू शकतो, त्यामुळे गाडी किती जवळ न्यायची यातच चित्तेवानाचे कसब दिसे. भारतीय चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते देशात आले, आणि ते आणणाऱ्यांमध्ये कोल्हापूर आघाडीवर होते. आफ्रिकेतील जनावर आणून माणदेशी-कोल्हापुरी माळावर शिकार करण्याचा हा प्रकार आज चमत्कारिक वाटतो. भारतात उरलेल्या चित्त्यांपैकी शेवटचे ज्ञात तीन १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने मारले. दाजीपूरचे जंगल कोल्हापूर दरबाराचे राखीव शिकारी रान होते. १९५८ मध्ये तिथे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले. रायगड जिल्ह्यातील फणसाडही मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारी रान होते. राखून ठेवल्यामुळेच ही राने शिल्लक राहिली, ही गोष्ट शिकारीच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही.

इंग्रजी अमलात विदर्भ आणि सातपुड्यातील शिकारीला नियमांची चौकट आली. कॅप्टन फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगरप्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये आणि स्टर्नडेल यांचे सिवनीच्या रानातील मुक्कामांवरील पुस्तक १८७७ मध्ये निघाले. या दोन्ही पुस्तकांमुळे या भागाचा बोलबाला विलायतेत झाला. वनकायद्याने राखीव झालेली जंगले शिकारीसाठी ब्लॉकांमध्ये वाटली गेली. एका ब्लॉकात ठराविक मुदतीसाठी एकाच पाहुण्याला परवाना मिळे आणि त्यावर कोणते जनावर किती मारायचे याची मर्यादा लिहिलेली असे. मेळघाटातील कोलकाससारखे वनविश्रामगृह याच व्यवस्थेत साहेबाच्या मुक्कामाचे ठिकाण झाले. पाहुणा बहुधा सरकारी अधिकारी किंवा त्याचा ओळखीचा असे, आणि हाक्याला लागणारी माणसे पाटलामार्फत गावातून गोळा केली जात. त्या मजुरीत वेठबिगारीचा अंश किती होता, हे साहेबांच्या आठवणींमध्ये सहसा सापडत नाही.

१९४७ नंतर साहेब गेले आणि संस्थाने विलीन झाली. ब्लॉक, परवाने, विश्रामगृहे व माग काढणारी माणसे मात्र जागच्या जागी होती. या तयार व्यवस्थेवर खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतली प्रसिद्ध कंपनी म्हणजे नागपूरची ऑल्विन कूपर. विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ मध्ये पदवी घेतल्यावर ती काढली होती. पुढे १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री म्हणून देशाला माहीत झाले. कंपनी शिकारीच्या तसेच छायाचित्रणाच्या सफरीही काढत असे. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, म्हणून परवान्यांची कार्यालये हाताशी होती. चांदा, बालाघाट, मंडला, बस्तर अशा जंगलांकडे जाणारे रस्तेही तिथून फुटत. गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेतील श्रीमंत मंडळी होती. मुंबईमार्गे येणारा पाहुणा सांताक्रूझ विमानतळावर उतरे आणि पुढे विमानाने किंवा रेल्वेने नागपूर गाठी. त्याच्याकडे देशाला परकीय चलन मिळवून देणारा म्हणून पाहिले जाई, आणि परदेशी पाहुण्यांच्या शिकारीला सरकारचा पाठिंबा होता तो त्यासाठीच.

प्रत्यक्ष शिकारीचा हंगाम उन्हाळ्याचा. मार्च ते मे या महिन्यांत गवत जळून किंवा वाळून गेलेले असते, पानगळीने रान उघडे पडते आणि जनावरे उरलेल्या पाण्याभोवती फिरू लागतात. मुक्काम पडला की शिकारी, म्हणजे गोंड, कोरकू किंवा तत्सम समाजातील स्थानिक जाणकार, नाल्यांच्या वाळूत ठसे पाहत. ठशावरून नर की मादी, पाऊल रात्रीचे की पहाटेचे, जनावर पोटभर खाऊन जात होते की भुकेले, हे ते सांगत. नंतर वाघाच्या वाटांवर तीन-चार ठिकाणी संध्याकाळी रेडके बांधली जात आणि सकाळी ती जिवंत आहेत का ते पाहिले जाई. रेडकू मारलेले असले की त्या गाऱ्यापासून, म्हणजे मारलेल्या सावजापासून, वाघ कुठे पडून राहिला असेल याचा अंदाज घ्यायचा. पोट भरलेला वाघ उन्हाच्या वेळी जवळच्या पाण्याकाठी, दाट सावलीत राहतो, हे सगळ्या बेताचे सूत्र होते.

गाऱ्यावर दोन प्रकारे शिकार होई. पहिल्यात बारा-पंधरा फूट उंचीच्या मचाणावर संध्याकाळपासून गुपचूप बसायचे आणि वाघ परत खायला येण्याची वाट पाहायची. यात माणसे कमी लागत, पण डास व अंधार सोसावे लागत आणि खोकल्यावर ताबा ठेवावा लागे. दुसरा प्रकार हाक्याचा. पडून असलेल्या वाघाच्या तिन्ही बाजूंनी माणसे लावून त्याला चौथ्या बाजूच्या मचाणाकडे काढायचे. मचाणाच्या दोन्ही हातांना नरसाळ्यासारख्या रांगेत रोखे, म्हणजे वाघाला रेषेत रोखून धरणारी माणसे, झाडांवर बसवत. वाघ रेषेबाहेर सरकू लागला की रोख्याने बुंध्यावर हलकेच टकटक करायची. तेवढ्या आवाजाने तो वळतो. जोरात ओरडले तर तो भडकून हाकाऱ्यांच्या रांगेवर उलटण्याचा धोका असतो. हाकारे गलका करत, डबे-ढोल वाजवत हळूहळू पुढे सरकत. दिवसभराच्या या सगळ्या खटाटोपात पाहुण्याचे काम काही सेकंदांचे. निशाण नेमके लागले तर त्याचे नाव आणि चुकले तरी बिल तेवढेच. वाघाला मचाणासमोर आणण्याचे श्रेय ज्याचे, त्या शिकाऱ्याचे नाव फोटोखाली क्वचितच असे.

सर्वांत अवघड प्रसंग जखमी वाघाचा. रक्ताच्या थेंबांवरून माग काढत त्याला शोधणे ही व्यावसायिक मार्गदर्शकाची जबाबदारी मानली जाई, कारण जखमी वाघ सोडून दिला तर तो पुढे गावाच्या वाटेवरचा नरभक्षक होऊ शकतो. मध्य भारतात यासाठी म्हशींचा कळप पुढे हाकण्याची पद्धत होती. झुडपात दडलेला वाघ म्हशींना आधी कळतो आणि त्या एकदम थांबतात किंवा फुरफुरतात. हाकाऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळे, पण तिचा आकडा देणाऱ्याच्या मर्जीवर असे.

वाघ पडल्यानंतरचे सोपस्कारही ठरलेले होते. लांबी दोन प्रकारे मोजत. एकात नाकाच्या व शेपटीच्या टोकाशी खुंट्या रोवून त्यांच्यामधले सरळ अंतर घेत, दुसऱ्यात अंगाच्या वळणावरून फीत फिरवत. फितीचे माप काही इंच जास्त भरते, आणि अनेक दहा-फुटी वाघ त्या फितीच्या कृपेनेच दहा फुटी झाले आहेत. मिशांवर डोळा ठेवावा लागे, कारण त्या औषधी व जादुई मानल्या जात आणि हातोहात नाहीशा होत. चरबी गावकरी संधिवातावर नेत. खांद्यातील दोन सुटी हाडे शुभ मानून पाहुणे सोन्यात मढवून घेत. कातडे मीठ लावून पाठवले जाई, आणि पेंढा भरण्याच्या कामात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्याचे नाव सर्वांत मोठे होते.

शिकाऱ्यांमधूनच संरक्षणाचा विचार निघाला, ही या इतिहासातील महत्त्वाची बाजू आहे. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामात सुरुवातीच्या काळात स्टर्नडेल होते, आणि तिच्या संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे भारतीयही होते. सलीम अली यांच्या पक्षिशास्त्राची सुरुवात लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. सोसायटीचे हुमायून अब्दुलअली हे स्वतः शिकारीचे शौकीन होते, आणि १९५१ च्या मुंबई वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. हा कायदा होण्याआधी मुंबईच्या साष्टी बेटावरही वाघ होता आणि १९२९ मध्ये विहार तलावाच्या परिसरात एक वाघ मारल्याची नोंद आहे. आज त्याच जंगलातील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ-सिंहांची सफारी आहे. ती कुंपणातील जनावरांची आहे.

धंदा बंद झाला तो जनावर कमी झाल्यामुळे. जीपगाड्या, शोधदिवे आणि सहज मिळणाऱ्या बंदुका यांमुळे १९५०-६० च्या दशकांत परवान्याच्या शिकारीपेक्षा चोरटी शिकार वाढली, आणि कातड्याच्या बाजारालाही तेजी होती. कंपन्यांचे म्हणणे होते की त्यांच्या पाहुण्यांनी मारलेले वाघ मोजके व नोंदलेले असतात. त्यात तथ्य होते, पण वाघ घटत असताना परवाने देत राहणे सरकारला अवघड झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अधिवेशनाने वाघाच्या शिकारीवर बंदीची मागणी केली आणि १९७० मध्ये ती देशभर लागू झाली. १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. ताडोबात तर शिकारबंदी १९३५ पासूनच होती आणि १९५५ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले होते.

आफ्रिकेत हीच कथा वेगळ्या वाटेने गेली. थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९-१० च्या मोहिमेने पूर्व आफ्रिकेची जाहिरात झाली. त्यांनी व मुलगा केर्मिट यांनी मिळून ५१२ जनावरे मारली. नैरोबीतील व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना १९३४ ची. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि ती संघटना विसर्जित झाली, पण टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया व दक्षिण आफ्रिका यांनी हा धंदा टिकवला. तिथे अनेक ठिकाणी कंपनीला जंगलाचा ब्लॉक भाडेपट्ट्याने मिळतो आणि मार्गदर्शकाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. झिंबाब्वेची परीक्षा विशेष कठीण समजली जाते. पाहुणा दिवसाचे भाडे आणि प्रत्येक मारलेल्या जनावराचे शुल्क असे दोन्ही भरतो. टांझानियात सिंहासाठी किमान वयाचा नियम आहे, सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये ती उठवली. शिकारीच्या उत्पन्नातून गावांना पैसा मिळाला तर गावे जनावर राखतात, असा या देशांचा युक्तिवाद आहे. नामिबियातील गावांच्या संवर्धन क्षेत्रांवर तो बऱ्यापैकी खरा ठरला आहे, इतरत्र पैसा गावापर्यंत किती पोहोचतो यावर वाद आहे. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेल्यावर तो वाद जगभर पेटला.

भारतात हा पर्याय कधी गंभीरपणे विचारात घेतला गेला नाही, आणि महाराष्ट्रात तर शिकारीची जागा पूर्णपणे पाहण्याने घेतली. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा या दरवाजांवर आता गावातलेच तरुण-तरुणी गाइड म्हणून काम करतात आणि ठसे, भेकराचा इशारा, वानरांचा खाकरा यांवरून वाघ शोधतात. कौशल्य जुन्या शिकाऱ्यांचेच आहे, गाडीतल्या पाहुण्याच्या हातात रायफलीऐवजी कॅमेरा आला एवढाच फरक. मराठी कुटुंबे केनियाच्या मसाई माराला जातात तीही कॅमेऱ्याच्याच सफरीला.

रीतसर बंदुकीला आज एकच जागा उरली आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडी अवनी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री अशाच मोहिमेत बाहेरून बोलावलेल्या खासगी नेमबाजाकडून मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. नियम पाळले गेले का, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावरून मोठे वादळ उठले. पिके नासवणाऱ्या रानडुक्कर व नीलगायींच्या बाबतीतही परवानगीने मारण्याची तरतूद आहे. जुन्या शिकारीतील घरात टांगलेली कातडी व शिंगे मालकी प्रमाणपत्र असल्याशिवाय बाळगता येत नाहीत आणि विकता तर मुळीच येत नाहीत. मृत वाघ-बिबट्यांना पेंढा भरून शिक्षणासाठी जतन करण्याचे काम २००९ पासून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील केंद्रात होते. तिथे येणारी जनावरे नैसर्गिक कारणांनी किंवा अपघातांनी मेलेली असतात.