फोटोइतकीच वहीसुद्धा महत्त्वाची

संशोधनात फोटो म्हणजे पुरावा. पण सोबत नोंद नसेल, तर तो नुसताच फोटो!

मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करायला नेमलं गेलं. पुढे त्यांनी लेण्यांचे फोटोही काढले. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथल्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. फोटो उरले, पण त्यांतून रंग परत मिळणार नव्हते. त्या काळच्या कलोडियन काचेवर तांबडा गेरू जवळजवळ काळाच उमटायचा. म्हणजे रंग लिहूनच ठेवायला हवा.

आज चाकणच्या संग्रामदुर्गावर ४×५ इंची फिल्मचा कॅमेरा नेलात, तरी तेच. मोबाईलसारखी वेळ किंवा अ‍ॅपर्चर आपोआप नोंदलं जात नाही. म्हणून ट्रायपॉड, काळं कापड, भिंग, लाइट मीटर यांच्याबरोबर पेन्सिल आणि वही हवीच. प्रत्येक फिल्म होल्डरला क्रमांक द्या. वहीत तोच क्रमांक, वेळ, लेन्स, अ‍ॅपर्चर, एक्सपोजर, बेलोजची लांबी, कॅमेऱ्याची दिशा आणि दगडाचा रंग लिहा. तेही फोटो काढल्या काढल्या. ‘घरी जाऊन लिहू’ म्हटलं की संपलं.

उद्या बुरूज ढासळला किंवा त्याची डागडुजी झाली, तर तोच फोटो पुन्हा मिळणार नाही.