पेट स्कॅनआधीची ऊब

हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग बहुधा मानेतल्या गाठींतून डोकं वर काढतो. त्यामुळे मुलाच्या पेट स्कॅनमध्ये मान आणि कॉलरबोनच्या वरची जागा डॉक्टर डोळ्यांत तेल घालून तपासतात. १९९०च्या दशकात नेमके तिथेच काही ठिपके त्यांना चकवत. दोन्ही बाजूंना, जवळपास सारखेच, लख्ख.

हे तंत्र साखरेवर चालतं. फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. ते जास्त ओढणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या हावऱ्या, पण ताणलेले स्नायूही साखर ओढतात. मानेतले ठिपके स्नायूंचेच, असा कयास बांधून रुग्णांना आधी स्नायू सैल करणारं डायझेपाम देत.

पुढे पेट आणि सीटी एकाच यंत्रात आले आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसू लागली. २००२ साली झुरिकच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अशा कित्येक ठिपक्यांखाली स्नायूही नाही, गाठही नाही. तिथे आहे चरबी. तपकिरी चरबी.

त्याच झुरिकच्या कॉनराड गेस्नरने १५५१ साली मार्मोट या प्राण्याच्या खांद्यांमधल्या अशा चरबीचं वर्णन केलं होतं. ती उष्णता निर्माण करते, हे मात्र १९६०च्या दशकात उलगडलं. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींची ऊर्जाकेंद्रं, खच्चून भरलेले. त्यांच्यातल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही, त्याला हीच ऊब देते. वय वाढलं की ती जवळजवळ नाहीशी होते, असं बहुतेक जण धरून चालले होते. २००९ साली बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी प्रौढांमध्येही ती कार्यरत असल्याचं दाखवून दिलं. बोस्टनमधल्या मुलांच्या स्कॅनच्या अभ्यासात ती सर्वाधिक आढळली १३-१४ वर्षांच्या वयात.

इंजेक्शननंतर मूल तासभर पडून राहतं. खोली गार असेल तर ही चरबी कामाला लागते आणि साखर तिकडे वळते. म्हणून अनेक बालरुग्णालयांत खोली २४ अंशांच्या आसपास उबदार ठेवून मुलाला इंजेक्शनच्या आधीपासूनच पांघरुणात गुंडाळण्याची पद्धत रुजली. काही ठिकाणी प्रोप्रॅनोलॉल किंवा फेंटानिल ही औषधंही देतात. एका गोधडीने टळणाऱ्या गोंधळापायी एखाद्या मुलाच्या बरं झालेल्या गाठीवर पुन्हा संशय यावा, हे कुणालाच परवडणारं नाही.

लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात लिम्फोमाच्या मुलांचे स्कॅन ताडून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. निदानाच्या वेळी ही चरबी क्वचितच उजळलेली दिसे. उपचारांनी आजार हटल्यावर मात्र त्याच मुलांमध्ये ती कितीतरी अधिक वेळा दिसली.