‘एंजल ऑफ द मॉर्निंग’ : १९६८ मधील एका कव्हर ध्वनिमुद्रणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना कीर्तन, लावणी, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटसंगीत हे टप्पे सर्वमान्य झालेले आहेत. याच भूमीत, मुंबईत, १९६० नंतरच्या दशकात गिटार आणि ड्रम घेऊन उभ्या राहिलेल्या ‘बीट ग्रुप’ मंडळींच्या ध्वनिमुद्रणांना मात्र या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. याची दोन कारणे संभवतात. ही गाणी इंग्रजीत होती, हे पहिले कारण. आणि त्यांतील बहुतेक गाणी दुसऱ्यांची होती, म्हणजे ती ‘नक्कल’ होती, हे दुसरे कारण होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या कारणाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ‘द सर्फर्स’ हा गट आणि मुंबईच्या गायिका आशा पुथली यांनी १९६८ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’ हे गीत आधारभूत धरले आहे.

‘चाल’ आणि ‘कव्हर’

दुसऱ्याने पूर्वी ध्वनिमुद्रित केलेले गीत नव्या गायकाने वा वाद्यवृंदाने पुन्हा ध्वनिमुद्रित करणे, यास ‘कव्हर’ म्हणतात. मराठी रसिकाला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) पासून संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदांच्या माथ्यावर ‘चाल’ दिलेली आढळते. परिचित चालीवर नवे शब्द बसविणे हा त्या रंगभूमीचा राजमार्ग होता आणि त्यामुळे नाटककाराची प्रतिष्ठा उणावली नाही. नाट्यपदात चाल जुनी व शब्द नवे असतात; कव्हरमध्ये चाल व शब्द दोन्ही जुने, परंतु कंठ आणि वाद्यमेळ नवा असतो. तेव्हा नवेपणा कोठे आहे, एवढाच दोहोंतील भेद होय. चालीच्या उसनवारीला परंपरा म्हणावयाचे आणि कव्हरला नक्कल म्हणावयाचे, ही भूमिका सुसंगत ठरत नाही.

मूळ गीताचा प्रवास

‘एंजल ऑफ द मॉर्निंग’ हे गीत चिप टेलर या अमेरिकन गीतकाराने रचले. १९६७ साली ते प्रथम एव्ही सँड्स या गायिकेने ध्वनिमुद्रित केले. तथापि तिची ध्वनिमुद्रिका काढणारी कॅमिओ-पार्कवे ही कंपनी त्याच सुमारास डबघाईस आल्याने ती बाजारात टिकली नाही. १९६८ साली मेरिली रश या गायिकेने मेम्फिस येथे तेच गीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते ‘बिलबोर्ड’च्या यादीत ७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. म्हणजे जगाने जे ‘मूळ’ म्हणून ऐकले, तेच वस्तुतः पुनर्मुद्रण होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पी. पी. अरनॉल्ड हिने आणि मुंबईत सर्फर्सने ते गीत घेतले. हा गट मागाहून जगाच्या पावलावर पाऊल टाकीत होता असे नव्हे. तो त्या घडामोडीचा समकालीन सहभागी होता.

१९६८ ची मुंबई

या सहभागाची भौतिक बाजूही लक्षात घ्यावी लागते. परदेशी ध्वनिमुद्रिकांची आयात परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे मर्यादित होती. रेडिओवरून आणि हाती लागलेल्या एखाद्या तबकडीवरून गाणे कानाने टिपून घेणे, हीच तत्कालीन गटांची पाठशाळा होती. ध्वनिमुद्रणाची साधनेही तोकडी होती. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आला, तेव्हा दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून आणवावे लागले. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी ही व्यवस्था केली होती. त्याच कामाच्या ओघात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत भारतीय वादकांकडून मुद्रित झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एक इंग्रज संगीतकार भारतीय सुरांकडे वळत होता आणि मुंबईचे तरुण अमेरिकन गीताकडे वळत होते. पहिल्या घटनेस ‘प्रयोग’ म्हणून गौरविले गेले, दुसरीस ‘अनुकरण’ म्हणून विसरले गेले. हा निवाडा संगीतावरून झाला की संगीतकाराच्या स्थानावरून, हा प्रश्न इतिहासकाराने विचारावयास हवा.

कायद्याची चौकटही येथे उल्लेखनीय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वसूचना व स्वामित्वधन देऊन पूर्वी मुद्रित झालेल्या गीताचे नवे ध्वनिमुद्रण करण्याची तरतूद होती. पुढे १९८० नंतरच्या कॅसेटयुगात स्वस्त कव्हर कॅसेटचा मोठा व्यापार याच तरतुदीच्या आधारे वाढला. २०१२ च्या दुरुस्तीने त्या जागी कलम ३१-सी आले आणि वैधानिक परवान्यासाठी पहिल्या मुद्रणानंतर ५ वर्षांची मुदत घालण्यात आली. त्यामुळे ताज्या गीताचे कव्हर काढावयाचे तर आता मूळ हक्कधारकाची अनुमती अनिवार्य ठरते.

पुरुषाची लेखणी, स्त्रीचा कंठ

सदर गीताचा आशय हा या चर्चेतील कळीचा भाग होय. गीतातील स्त्री रात्रीच्या सहवासानंतर प्रियकराकडून कोणतेही वचन मागत नाही. आपल्या निर्णयाची जबाबदारी ती स्वतःकडे घेते. हे शब्द एका पुरुषाने लिहिले, पण ते अर्थपूर्ण होतात ते गाणाऱ्या स्त्रीच्या कंठातून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेल्या शाहीर राम जोशी यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना ओळखीची वाटेल. शृंगारिक लावणीत शाहीर स्त्रीच्या मुखाने बोलतो आणि ती लावणी सादर करणारी व्यक्ती वेगळीच असते. राम जोशी यांच्या रचना त्यांच्या पश्चात पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या कंठांतून जिवंत राहिल्या. १९४७ साली त्यांच्या जीवनावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. लावणीचा अर्थ दर सादरीकरणात नव्याने ठरतो, हे आपण मान्य करतो. मग हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतलेल्या, मुंबईत वाढलेल्या तरुणीने १९६८ साली ते इंग्रजी गीत गाण्याचा अर्थ मेम्फिसमधील अर्थाहून निराळा होता, हेही मान्य करणे क्रमप्राप्त ठरते. मध्यमवर्गीय भारतीय घरांत त्या काळी ज्या विषयावर उघड बोलणे अशक्य होते, तो विषय येथे तबकडीवर नोंदला गेला.

पुढील मार्ग

वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या ग्रंथात मुंबईच्या जॅझविश्वाविषयी लिहिताना आशा पुथली यांची दखल घेतली. त्यातून अमेरिकेतील निर्माते जॉन हॅमंड यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. पुढे ऑर्नेट कोलमन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायन्स फिक्शन’ या संचात त्यांनी दोन गीते गायिली. १९७३ च्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र संचातही जे. जे. केल यांचे ‘राइट डाउन हिअर’ व जॉर्ज हॅरिसनचे ‘आय डिग लव्ह’ ही इतरांचीच गीते होती. कव्हर ही त्यांच्या बाबतीत ओलांडून टाकण्याची पायरी नव्हती, ती त्यांची अभिव्यक्तीची रीतच होती.

गटांचे भाग्य मात्र वेगळे ठरले. १९७० व १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे काही गटांची नावे टिकली. १९८८ साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा स्वरचित गीतांचा संच काढला, तेव्हापासून भारतीय रॉकचा ‘खरा’ आरंभ मानण्याकडे कल दिसतो. या मांडणीत गायिका परदेशी कीर्तीमुळे स्मरणात राहते. तिच्यामागे वाजविणारे वादक मात्र विस्मृतीत जातात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, कव्हर ध्वनिमुद्रण हे मौलिकतेच्या अभावाचे लक्षण नसून ते एका पिढीचे वाचन होते. ‘चाल’ उघडपणे नोंदविणाऱ्या आणि लावणी दर पिढीने नव्याने गाणाऱ्या मराठी समाजाकडे या वाचनाचे मूल्यमापन करण्याची कसोटी पूर्वीपासूनच आहे. ती कसोटी मुंबईच्या बीट ग्रुपांना लावली, तर १९६८ ची ही लहानशी तबकडी महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाबाहेर ठेवण्याचे सबळ कारण उरत नाही.