हजार पौंडांचा माणूस

25 फेब्रुवारी 1905, शनिवार. शेफील्ड. दारावर सहा पेन्स मोजून तुम्ही ब्रॅमल लेन या फुटबॉल मैदानाच्या गर्दीत शिरता. पोलादाच्या आणि सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यांना दुपारनंतर सुट्टी, म्हणून चहूकडे कामगारांच्या टोप्याच टोप्या. स्टँड मात्र तीनच बाजूंना. चौथ्या बाजूला उघडं क्रिकेटचं मैदान. 1902 साली इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी इथेच झाली.

खेळाडूंच्या पाठीवर आकडे नाहीत, गोलकीपरचा सदराही इतरांसारखाच. तरी ज्याला बघायला आलात तो लगेच ओळखू येतो. ठेंगणा, भरदार, खांद्याने माणसं बाजूला सारत चेंडूवर जाणारा मिडल्सबरोचा फॉरवर्ड, अल्फ कॉमन. तीन वर्षांपूर्वी तो आज समोर असलेल्या याच शेफील्ड युनायटेडचा होता. एफए कपच्या अंतिम सामन्यात युनायटेडसाठी गोल केला होता. 1904 मध्ये युनायटेडने त्याला, सोबत एका राखीव गोलकीपरला, 520 पौंडांना संडरलंडला दिलं. आणि याच महिन्यात संडरलंडने एकट्या कॉमनचे मिडल्सबरोकडून 1000 पौंड घेतले. एका खेळाडूसाठी एवढी रक्कम आजवर कुणी मोजलेली नाही. माणसांचा हा कसला बाजार, असं वर्तमानपत्रं विचारतायत.

मिडल्सबरोला पेनल्टी मिळते. कॉमन पुढे येतो. गोलकीपर रेषेवर थांबत नाही, चक्क पुढे सरकतो. दचकू नका, अजून काही महिने त्याला सहा यार्डांपर्यंत पुढे यायची मुभा आहे. कॉमन चेंडू मारतो. गोल! सामन्यात तेवढाच एक. परक्या मैदानावर मिडल्सबरो जवळजवळ दोन वर्षांनी जिंकतंय.

आता हिशोब करा. या हजारांतलं कॉमनच्या हाती काय लागलं? नियमाने नव्या क्लबकडून करारावर सहीचे फार तर 10 पौंड, आणि आठवड्याला जास्तीत जास्त चार. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुशल कारागिराच्या दुप्पट कमाई, खरं आहे. पण त्याच्यासाठी मोजलेले हजार म्हणजे त्याचा 250 आठवड्यांचा पगार, आणि ते गेले क्लबच्या तिजोरीत. शिवाय करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात. क्लबने सोडल्याशिवाय लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नाही. मला संताप याचा येतो. हजार पौंडांची किंमत कुणाला खटकली तर लगेच आरडाओरडा होतो. चार पौंडांची मर्यादा मात्र सगळ्यांना रीतसर वाटते.

खेळाडूंना ती तशी वाटत नव्हती. डिसेंबर 1907 मध्ये मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात चला. फुटबॉलपटू बिली मेरेडिथ अध्यक्षस्थानी आहे, खेळाडूंची संघटना उभी राहते आहे. पुढच्याच महिन्यात एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, ट्रान्स्फरच्या रकमेवर 350 पौंडांची मर्यादा घालते आणि काही महिन्यांत गुंडाळते, कारण क्लब तिच्यातून पळवाट काढतात. पगाराची मर्यादा कायम राहते.

कॉमन 1910 मध्ये वुलविच आर्सेनलला जातो, तिथून प्रेस्टनला, 1914 मध्ये खेळ थांबवतो. पुढे डार्लिंग्टनमध्ये तो पब चालवतो. 1946 मध्ये तो वारला. पगाराची मर्यादा उठली 1961 मध्ये, तीही खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर.