तळटीप ७ : काट्याचा कंपायलर

७. ‘आधी टूलचेन उभी केली’ : लेखक चार शब्दांत पुढे सरकतात, प्रकरणातला खरा घाम मात्र इथेच आहे. एपीएमसी मार्केटच्या कांदा-बटाटा गाळ्यावर गोणी तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यात लोडसेल, त्याचे मिलिव्होल्ट आकड्यांत बदलणारी चिप आणि मायक्रोकंट्रोलर असतो. त्याची मेमरी बहुधा किलोबाइटांत मोजायची. तिथे कंपायलर मावणार कुठून? म्हणून तो पीसीवर चालतो, पण मशीन कोड काट्यातल्या चिपसाठी काढतो. हाच क्रॉस कंपायलर; तो आणि त्याच्या जोडीची साधने मिळून टूलचेन.

काट्यातली चिप आर्म जातीची असेल, तर तो तयार मिळतो, आणि घाईत असेल त्याने तोच घ्यावा. सोर्सपासून बांधायचा तर आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर, लिंकर वगैरे. मग जीसीसी या कंपायलरचा फक्त सी भाषेपुरता भाग. त्याच्याकडून न्यूलिब ही सी लायब्ररी. आणि शेवटी पूर्ण जीसीसी. जीसीसी दोनदा, कारण लायब्ररी कंपाइल करायला कंपायलर लागतो आणि सी++सकट पूर्ण कंपायलर बांधायला लायब्ररी. सगळ्यांना टार्गेट (कोणत्या चिपसाठी) आणि प्रीफिक्स (कुठे बसवायचे) एकच द्यायचे. टार्गेटचा असेंब्लर सापडला नाही, तर जीसीसी गुपचूप पीसीचाच उचलतो आणि आर्मच्या सूचना पाहून तो असेंब्लर एररच्या ओळींमागून ओळी ओकतो.

लेखकाने आपला कोड चढवण्याचा प्रयोग चालू काट्यावर न करता सुट्या बोर्डावर केला हे बरे. वापरातल्या काट्याचे वैधमापन विभागाचे सील तुटले, की काटा पुन्हा पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो.

— संपादक